पाळणाघरातलं दूध: कोणाचं ऐकायचं, किती ऐकायचं

नवीन पाळणाघर सुरू करताना जागा, खेळणी, मदतनीस, फी या सगळ्याचा विचार झालेला असतो. दूध मात्र "पिशवी आणू, त्यात काय" यावर सोडलेलं असतं. मग पहिल्याच महिन्यात लक्षात येतं की वरणभाताबद्दल पालक फारसं बोलत नाहीत, पण दुधाबद्दल प्रत्येक घराचं ठाम मत आहे. एकाला गाईचंच हवं, एकीला साय अजिबात नको, तिसऱ्या घरात साय काढली तर राग येतो. एक बाबा सांगतात, चॉकलेट पावडर घातल्याशिवाय मुलगा पेल्याला तोंडच लावत नाही. रत्नागिरी असो, चिपळूण असो की कणकवली, यादी साधारण हीच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. पालकांची प्रत्येक सूचना ऐकायची, पण सगळ्या सूचना एका पारड्यात घालायच्या नाहीत. काही सूचना मुलाच्या जिवाशी निगडित असतात, काही घराच्या श्रद्धेशी आणि बऱ्याचशा सवयीशी. पहिल्या दिवसापासून ही वर्गवारी केली तर बाकीचं काम सोपं होतं.

पहिलं काम: दुधाचा वेगळा कागद

प्रवेश अर्जात "खाण्याच्या काही सवयी?" अशी एक ओळ ठेवून भागत नाही. तिथे सगळे "नाही" लिहितात आणि दुसऱ्या आठवड्यात फोन येतो. दुधासाठी अर्धं पान वेगळं करा आणि त्यात नेमकं विचारा:

बाळाचं वय किती, अजून अंगावर पितं का? वरचं दूध सुरू आहे का, असल्यास कोणतं? दिवसभरात घरी किती पितं? दूध किंवा दुधाच्या पदार्थाने अंगावर गांधी, उलटी, जुलाब असं कधी झालंय का, आणि डॉक्टर काय म्हणाले? घरात धर्माने किंवा रिवाजाने काही वर्ज्य आहे का? साखर, पावडर घालायची का? बाटली, पेला की वाटी-चमचा?

"घरी किती पितं" हा प्रश्न फालतू वाटतो, पण तो सर्वात उपयोगी आहे. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसभरात साधारण 400 ते 500 मिली दूध पुरे. घरी सकाळी मोठा पेला, रात्री मोठा पेला आणि तुमच्याकडे दोनदा, असं झालं की मूल दुधानेच पोट भरतं, जेवण टाळतं आणि पुढे रक्तातलं लोह कमी होतं. दुधात लोह नगण्य असतं. तेव्हा घरी दोनदा पिणाऱ्या मुलाला पाळणाघरात एकदाच, 150 मिलीच्या आसपास, हे पालकांशी बोलून ठरवा. "आमचा पेलाभर पितो" यातला पेला केवढा तेही विचारा. घरातला स्टीलचा पेला कधीकधी पाव लिटरचा निघतो.

कागदावर सही एकाचीच घ्या आणि बदल करायचा तर त्याच व्यक्तीने लिहून द्यायचा, असं सांगून ठेवा. आपल्याकडे सकाळी मुलाला सोडायला आजी येते, संध्याकाळी न्यायला आई, आणि बाबा मुंबईहून फोनवर. तिघांच्या तीन सूचना. दारात पिशवी देतादेता आजी म्हणतात, "म्हशीचा दूध देव नकात हां, तेच्या पोटात जड पडता." अर्जावर आईने म्हशीचं चालेल असं लिहिलेलं असतं. अशा वेळी आजींशी वाद नको. "हो आज्जी, आज गाईचंच आहे, आणि ताईंना सांगून कागदावर लिहून घेते," एवढं बोलायचं आणि संध्याकाळी खरोखरच ताईंना सांगायचं. आजीला डावललं असं वाटता कामा नये, कारण मूल आजारी पडलं की घरी राहणारी तीच असते.

दुसरं काम: तीन गठ्ठे

आलेले कागद वाचून तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा ॲलर्जीचा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्याचा. इथे तडजोड नाही, चव बघायला चमचाभरसुद्धा नाही. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आणि दुधातली साखर न पचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालक दोन्हींना "दूध सोसत नाही" असंच म्हणतात. जुलाब होऊन गेल्यावर लहान मुलांना काही दिवस दूध पचत नाही. ते बहुधा तात्पुरतं असतं. ॲलर्जीत मात्र थोड्या दुधानेही अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, तान्ह्या बाळांच्या शीमध्ये रक्त दिसतं. श्वास लागला, आवाज बसला, मूल मलूल पडलं तर पालकांना फोन करण्याआधी 108 ला फोन करा.

ॲलर्जी असलेल्या मुलाचं भांडं, चमचा, पुसायचं फडकं वेगळं, आणि त्यावर नाव. पण खरा धोका पेल्यात नसतो, तो वाढदिवसाला असतो. केक, पेढा, खीर, श्रीखंड हे सगळ्यांच्या लक्षात येतं. बिस्किटातली दूध पावडर आणि गणपतीतलं पंचामृत लक्षात येत नाही. कोणाच्या घरी गाय व्याली की मायेने डबाभर खरवस येतो, तो तर वाटूनच टाकला जातो. बाहेरून आलेली वस्तू वाटण्याआधी त्या मुलाच्या पालकांना विचारायचं, हा नियम मदतनीस मावशींना पाठ हवा. पाकिटावर ॲलर्जीची सूचना छापणं बंधनकारक आहे, ती वाचायची सवय लावा.

याच बाबतीत एक सल्ला हमखास मिळतो: "गाईचं सोसत नाही तर शेळीचं द्या." सिंधुदुर्गात कोकण कन्याळ शेळ्या पाळणारी घरं आहेत आणि ते दूध प्रेमाने देऊ करतात. पण गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचं आणि म्हशीचंही सोसत नाही, कारण त्यातली प्रथिनं बरीचशी सारखी असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हा प्रयोग पाळणाघरात होऊ देऊ नका.

दुसरा गठ्ठा श्रद्धेचा आणि रिवाजाचा. इथे पुरावा मागायचा नाही. कोकणात यातली सर्वात मोठी बाब म्हणजे मासे आणि दूध. मासे खाल्ल्यावर दूध दिलं तर अंगावर कोड उठतं, असं कित्येक घरांत मानतात. आयुर्वेदातही हा विरुद्ध आहार सांगितला आहे. मासे-दुधाने कोड होतो याला वैद्यकीय आधार नाही, पण हे पालकांना पटवणं तुमचं काम नाही. वेळापत्रक असं लावा की प्रश्नच येऊ नये. बारा-साडेबाराला डब्यातलं बांगड्याचं सार आणि भात, दूध थेट चार वाजता. किंवा ज्या मुलाच्या डब्यात मासे असतील त्याला त्या दिवशी दुधाऐवजी नाचणीची पेज. नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे एक दिवस दूध चुकलं म्हणून काही बिघडत नाही. शिकरणाबद्दल, फळं आणि दूध एकत्र करण्याबद्दलही काही घरांचा असाच कटाक्ष असतो. त्यांना केळं अकराला आणि दूध चारला. शून्य खर्चात दोन्ही घरं खूश.

तिसरा गठ्ठा आवडीचा आणि सवयीचा: साय, कोमट की थंड, वेलची, ठरावीक ब्रँड, देशी गाय. हा सगळ्यात जाड गठ्ठा आणि सगळ्यात जास्त आवाज याचाच. जमेल तेवढं करायचं, न जमणारं हसून सांगायचं. साय गाळणं दोन मिनिटांचं काम, ते करा. दहा मुलांना दहा तापमानांचं दूध होणार नाही.

"आम्हाला ए-टू दूध हवं" (ए-वन, ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाचे प्रकार) असं म्हणणारे पालक आता तालुक्याच्या गावीही भेटतात. एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, ऑगस्ट 2024 मध्ये पाकिटांवरचे ए-वन, ए-टू असे दावे काढायला सांगितलं आणि आठवडाभरातच ती सूचना मागे घेतली, त्यामुळे पालकांचा गोंधळ वाढलाच. तुमच्या कामापुरतं एवढं पुरे: ए-टू दुधातही लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तेवढीच असते आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तेही चालत नाही. ज्यांना हवं त्यांनी घरून उकळून, झाकणाच्या डब्यातून, नाव घालून पाठवावं.

वर्षाच्या आतली बाळं

हा भाग सावकाश वाचा. मोठ्या मुलांच्या बाबतीत चूक झाली तर पालक रागावतात, इथे चूक झाली तर बाळाला भोगावं लागतं.

मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा मिळते. त्यामुळे बँकेतल्या, शाळेतल्या, सरकारी दवाखान्यातल्या आया बाळाला नेमक्या सहा महिन्यांच्या सुमारास आणतात. कंत्राटी कामगार बाई त्याआधीच येते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पुढे दोन वर्षांपर्यंत किंवा जास्तही ते चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पहिला प्रश्न "काढून ठेवलेलं दूध पाठवाल का?" हा असावा. अनेक आयांना हे शक्य आहे हेच माहीत नसतं. जागा असेल तर जवळ काम करणाऱ्या आईला दुपारी येऊन पाजण्यासाठी एक पडदा आणि खुर्ची ठेवा. दुधाचा यापेक्षा स्वस्त बंदोबस्त नाही.

काढलेलं दूध साठवण्याचे ठोकताळे असे: 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये 4 अंशांना चार दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान 25 वर कधी उतरतं? म्हणून "चार तास" हे आकडे विसरा. आईने बर्फाच्या पाकिटासह थंड पिशवीत आणावं आणि दारातून थेट फ्रिजमध्ये जावं. फ्रिजच्या दारात नाही, आत मागच्या बाजूला, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. बाटलीवर बाळाचं नाव, काढल्याची तारीख आणि वेळ, चिकटपट्टीवर पेनाने.

फ्रिजमध्ये या दुधावर चरबीचा थर वेगळा होतो. नवीन मावशींना ते नासलंय असं वाटतं आणि आईने पहाटे उठून काढलेलं दूध मोरीत जातं. नासलेलं नसतं. बाटली हलकेच गोल फिरवली की एकजीव होतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांच्या आत संपवायचं, नाहीतर टाकायचं. चुकून एकीचं दूध दुसरीच्या बाळाला गेलं तर लपवू नका. दोन्ही आयांना लगेच सांगा आणि डॉक्टरांना विचारा.

डब्याचं दूध, म्हणजे बाळांसाठीची दूध पावडर, असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेलं, आईने आणलेलं आणि डब्यावरच्या मापानेच. ही पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, 70 अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर घालायची, मग भांडं थंड पाण्यात धरून कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं आणि मगच पाजायचं. डबा पुरवावा म्हणून मापात पाणी वाढवणं हा बाळाला उपाशी ठेवण्याचाच प्रकार. चहात घालायची दूध पावडर म्हणजे बाळाची पावडर नव्हे, हेही मावशींना दाखवून द्या. दोन्ही डबे वेगवेगळ्या फळीवर ठेवा.

गाईम्हशीचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पालकांनी "आम्ही घरी देतो" म्हटलं तर त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागा. नारळाचं दूधही बाळाच्या दुधाची जागा घेत नाही. त्यात प्रथिनं फार कमी असतात. सोलकढीसाठी ते उत्तम.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. घरात जुनं बोंडलं असेल तर तेही चालतं, फक्त ते उकळून घ्यायचं. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही, आणि बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलाचे पुढचे दात किडतात. आणखी एक: डब्याच्या दुधाची किंवा बाटल्यांची जाहिरात करणारं पोस्टर, कॅलेंडर, फुकट नमुना कोणी आणून दिला तर घेऊ नका. 1992 च्या कायद्याने, आणि 2003 च्या दुरुस्तीने अधिक कडकपणे, दोन वर्षांखालच्या बाळांसाठी अशा प्रचारावर बंदी आहे.

पाळणाघराचं दूध कोणतं ठेवायचं

वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी एकच दूध ठेवा. दोन प्रकारची पातेली ठेवली की दुपारी गोंधळ होणारच. मी पाश्चराइज्ड पिशवीच्या दुधाच्या बाजूने आहे, घरच्या गाईचं दूध देणारा शेजारी कितीही चांगला असला तरी. धारोष्ण दूध तर नाहीच. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस असे आजार येऊ शकतात. लहान चणीची कोकण कपिला गाय दूध थोडंच देते. रतीब बांधला तरी रोज दहा मुलांना पुरेल याची खात्री नसते.

पिशवी घेताना रंग बघू नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. शब्द वाचा. फुल क्रीममध्ये 6 टक्के फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये 1.5. दोन वर्षांखालच्या मुलांना डबल टोन्ड नको, त्यांना चरबी लागते. "म्हशीचं जड" म्हणणाऱ्या आजींना आणि "पातळ नको" म्हणणाऱ्या आईला गाईचं दूध किंवा टोन्ड पटतं, असा अनुभव आहे. कोणती पिशवी वापरता ते फळ्यावर लिहा. अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

स्वयंपाकघरातलं काम थोडक्यात: पिशवी धुऊन कापायची, दूध ढवळत उकळी आणायची, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववायचं आणि फ्रिजमध्ये. बाहेर दोन तासांच्या वर नाही, मे महिन्यात त्याहून कमी. काल उरलेलं आजच्यात मिसळायचं नाही. त्याचं दही लावून मोठ्यांनी खावं. खाद्यपदार्थ देत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते.

पावसाळ्याची तयारी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पिशवीच्या दुधाचा मोठा भाग घाटावरून उतरतो. आंबा घाटात, करूळला किंवा कुंभार्लीत दरड आली की सकाळचा टेम्पो दुपारी येतो किंवा येतच नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा दूधच काय, रस्ताही नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळाने रायगड-दापोलीच्या पट्ट्यात वीज कित्येक दिवस गेली. म्हणून जून ते सप्टेंबर टेट्रापॅकचं दूध ठेवाच. न उघडता ते फ्रिजशिवाय, छापलेल्या तारखेपर्यंत टिकतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवायचं. आणि अर्ज भरतानाच पालकांची संमती घ्या: "नेहमीचं दूध आलं नाही तर टेट्रापॅक चालेल का?" ऐन पावसात हे विचारायला फोन लागत नाही.

वीज गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. काढलेलं आईचं दूध आत असेल आणि वीज लवकर येण्याची चिन्हं नसतील तर बर्फाच्या डब्यात हलवा आणि आईला कळवा.

नाही म्हणायच्या गोष्टी

थोड्या आहेत, पण ठाम हव्यात. दुधात औषध मिसळून द्यायचं नाही, मूल दूध अर्धवट सोडतं आणि किती औषध पोटात गेलं कळत नाही. झोप यावी म्हणून घरच्या वाडीतलं जायफळ उगाळून द्या असं सांगितलं जातं. तेही नाही, जायफळ जास्त झालं तर बाधतं. वर्षाच्या आत दुधात मध नाही. दोन वर्षांखाली साखर घालू नये, हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनातही आहे. चॉकलेट पावडरीबद्दल पालकांना सांगायला एक गोष्ट उपयोगी पडते: एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढायला सांगितलं. ज्या बाबांचा मुलगा पावडरीशिवाय पीत नाही, त्यांना घरून पावडर आणू द्या आणि दर आठवड्याला चमचा थोडा कमी भरा, त्यांना सांगून. लपूनछपून नाही. किंवा मुलाला दूध नकोच असेल तर दही, ताक, पेज. दूध प्यायलंच पाहिजे असा कुठला नियम नाही, आणि नाक दाबून पाजणं तर पाळणाघरात कधीच नाही.

दुधाचे पैसे फीमध्ये धरा आणि घरून आणणाऱ्यांना तेवढी सूट द्या, नाहीतर दर महिन्याला त्यावरून चर्चा होते. दुधाचा कागद बाळ सहा महिन्यांचं, एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं झालं की पालकांसमोर पुन्हा भरायचा, जुना फाडायचा नाही, मागे टाचून ठेवायचा. नवीन मावशी कामाला लागल्या की पहिल्या दिवशी त्यांना हेच कागद वाचायला द्या, आणि ॲलर्जीवाल्या मुलांची नावं तोंडी म्हणून दाखवायला सांगा.